दोन लोकलच्या मधली वाट

मुंबईची लोकल कर्जतला संपते, पुण्याची लोणावळ्याला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजलं तर कर्जत १०० किलोमीटरवर आणि लोणावळा १२८वर. खोपोलीकडे जाणारा लोकलचा फाटा आहे, पण तोही घाटाच्या पायथ्याशीच टेकतो. मधले २८ किलोमीटर बोरघाटाचे. सदतीस मीटर पुढे सरकलं की एक मीटर वर, असा तिथला चढ. म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, आणि ती लागेपर्यंत डब्याडब्यातून वडापावच्या आरोळ्या फिरतात. लोकल मात्र या घाटात शिरत नाही.

त्यामुळे ही दोन गावं एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या शेजाऱ्यांसारखी झाली आहेत. कर्जतचा पासधारक अंधारात उठतो आणि दोन तासांहून जास्त वेळ लोकलमध्ये काढून मुंबई गाठतो. लोणावळ्याला १९७८पासून पुण्याची लोकल आहे. तिथला कामगार, कॉलेजची मुलं, भाजी घेऊन निघालेली बाई पिंपरी-चिंचवडच्या आणि शिवाजीनगरच्या दिशेनं जातात. कर्जतच्या माणसाला लोणावळ्यात काम पडत नाही आणि लोणावळ्याच्या माणसाला कर्जत फक्त एक्स्प्रेसच्या खिडकीतून दिसतं.

या दोन स्थानकांना जोडणारी एक पायवाट आहे. कर्जत, कोंदिवडे, कोंढाणे लेणी, राजमाची, तुंगार्ली, लोणावळा. सगळं मिळून पस्तीसेक किलोमीटर, आणि मधे राजमाचीच्या माचीवर उधेवाडीत मुक्काम. डोंगरात भटकणाऱ्यांना ती नवी नाही. मुंबई-पुण्यातल्या कित्येकांचा आयुष्यातला पहिला ट्रेक राजमाचीचाच असतो. पण ही वाट अख्खी कुणी चालत नाही. कर्जतला उतरून टमटम धरायची, कोंदिवड्याला उतरायचं, वर चढायचं आणि आल्या वाटेनं परतायचं. नाहीतर लोणावळ्याहून जीप करून थेट उधेवाडीच्या अंगणात. दोन्ही टोकांचे सपाट तुकडे गाड्यांनी घेतले आणि मधला चढ तेवढा पायांना उरला. चढाची मला काळजी नाही, तो स्वतःला सांभाळून आहे. हे दोन सपाट तुकडे चालणाऱ्याला परत मिळावेत, स्थानकापासून स्थानकापर्यंत वाट सलग राहावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

बोरघाटातल्या मोठ्या रस्त्यांना जन्मतारखा आहेत. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३०मध्ये, घाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्याच काळातला दगडी पूल पुढे अमृतांजन पूल म्हणून ओळखला गेला आणि एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, पाडला गेला. द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला. रेल्वेचं काम १८५६ला सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ला गाडी घाट चढली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट सोडलं नाही, काम पुढे चालवून घेतलं. १८६१च्या जानेवारीत या घाटात ४२,००० माणसं राबत होती. पटकी, ताप, सुरुंग आणि उभे कडे यांनी किती जीव घेतले याची नोंद नीट कुणी ठेवली नाही. २४,००० हा अंदाज सांगितला जातो. आपण ज्या बोगद्यांतून झोपेत जातो त्यांच्यामागे एवढी माणसं आहेत, आणि त्यांतल्या मजुरांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

नाव उरलं आहे ते शिंग्रोबाचं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात त्याचं देऊळ आहे. गुरांमागे रान तुडवणाऱ्या या धनगरानं गोऱ्या साहेबाला घाटातून जायची वाट दाखवली आणि साहेबानं बक्षीस म्हणून त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. ट्रकवाले आजही तिथं नाणं टाकून पुढे जातात. कथेतला तपशील कुणाला पटो न पटो, ती ज्या गोष्टीवर उभी आहे ती पटण्यासारखी आहे: अभियंत्याच्या दुर्बिणीत येण्याआधी घाट गुराख्याच्या पायाखालचा होता.

आपल्या वाटेला जन्मतारीख नाही. तिच्यावर लेणं आहे, ते दोन हजार वर्षांचं. वाट त्याहून जुनी असणार, कारण वाट असल्याशिवाय तिथं लेणं कोण खोदेल?

कर्जत गाव मागे टाकलं की कोंदिवड्याचा रस्ता उल्हास नदीच्या संगतीनं जातो. दिवाळीनंतर इथं भात कापून झालेलं असतं. खळ्यावर झोडणी चालते, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात आणि रिकाम्या झालेल्या खाचरांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल टाकला जातो. थंडी वाढली की त्याच वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याखाली शिजतात आणि शेतात पोपटी लागते. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले भाताचे वाण, कर्जत-३ आणि कर्जत-७, कोकणभर लावले जातात. म्हणजे गावाचं नाव लोकलच्या पाटीवर जितकं वाचलं जातं तितकंच बियाण्याच्या पिशवीवर. हे गाडीतून कळत नाही. पायी चालणाऱ्याला बांधावर कुणीतरी भेटतं, कुठनं आलात विचारतं, आणि स्थानकापासून चालत आलो म्हटलं की थांबून पाणी पुढे करतं.

या नदीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण वाट तिच्याच खोऱ्यातून वर जाते. उल्हास राजमाचीभोवतालच्या डोंगरात उगवते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. पावसाळ्यात ती सगळं पाणी स्वतःचं आणते. पाऊस सरला की वरच्या अंगाला पात्रात खडक दिसू लागतात. खाली मात्र ती वाहत राहते, कारण तिच्यात घाटमाथ्याचं पाणी येतं. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी टाटांच्या भिवपुरी वीजघरात उतरवलं जातं. हे वीजघर १९२२पासून चालू आहे. चाकं फिरवून सुटलेलं पाणी कर्जत तालुक्यात उन्हाळी भाताला मिळतं आणि पुढे उल्हासेला. आंध्रेचं पाणी एरवी इंद्रायणीत, भीमेत, कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. ते आता कल्याणच्या आसपासच्या नळांना येतं. लोकलनं ओलांडला नाही तो घाट पाण्यानं शंभर वर्षांपूर्वी ओलांडला. मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला घाटमाथ्याशी आपलं काही नातं नाही असं वाटत असेल, तर त्यानं आपला तांब्या भरताना याचा विचार करावा.

कोंदिवड्यापर्यंतच्या रस्त्याचं दुखणं वेगळं आहे. दोन्ही बाजूंनी फार्महाउसच्या आणि रिसॉर्टच्या भिंती वाढत चालल्या आहेत. जमीन विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. भाताच्या दोन एकरांवर घर चालत नाही आणि मुलीचं लग्न थांबत नाही. पण जमिनीबरोबर वाटही विकली जाते. नदीकाठानं, बांधावरून जाणाऱ्या जुन्या पायवाटा तारेच्या कुंपणापाशी येऊन तुटतात आणि चालणारा डांबरी रस्त्यावर, भरधाव गाड्यांच्या कडेला फेकला जातो. तिथं चालणं नकोसं होतं. मग टमटम बरी वाटते, आणि टमटमची सवय झाली की वाट होती हेही कुणाला आठवत नाही. वाट एका दिवसात मरत नाही. आधी तिच्यावरून चालायला त्रास होतो, मग चालणारे संपतात, मग ती नव्हतीच असं म्हणता येतं.

कोंढाण्याच्या वाडीनंतर झाडी सुरू होते आणि लेणी समोर येतात. पावसाळ्यात लेण्यांच्या कपाळावरून धबधबा कोसळतो, त्याच्या पडद्यामागून चैत्यगृहात जावं लागतं. इतर वेळी चैत्याची कमान लांबून पाहता येते. लाकडी घराच्या कमानी, वासे, गवाक्षं जशी असतात तशी सगळी दगडात काढली आहेत, कारण खोदणाऱ्याच्या हाताला लाकडाची सवय होती. आतले खांब बरेचसे खालून तुटले आहेत. आत गोल बाजूला स्तूप आहे. शेजारच्या विहाराच्या छतातही तुळयांचा सांगाडा दगडात उतरवला आहे.

चैत्याच्या डाव्या हाताला एका यक्षाच्या मूर्तीचा उरलेला मुखाचा भाग आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मीत एक छोटी ओळ. कण्ह नावाच्या कुणाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं, एवढाच तिचा अर्थ. लेण्यांत बहुतेक नावं दान देणाऱ्यांची असतात: व्यापारी, अधिकारी, भिक्षू. इथं करणाऱ्यानं आपलं नाव घातलं आहे आणि आपल्या आधी गुरूचं. समोरच्या घाटातल्या रेल्वेच्या मजुरांना जे मिळालं नाही ते बलकाला मिळालं, म्हणून त्या ओळीपाशी मी नेहमी थांबतो. कल्याण, सोपारा या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या व्यापारी वाटांवर अशी लेणी होती. खाली कोंढाणे, वर कार्ले, भाजे, बेडसे. माल लादलेले बैल इथूनच वर गेले असतील असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण पाणी, सावली आणि माणसाचा आवाज वाटसरूला इथं मिळत होता.

इथून चढ. गच्च कारवीतून, ऐन-हिरडा-जांभळाच्या सावलीतून वाट उभी वर जाते आणि मोकळ्या कातळावर आली की घाम काढते. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि सारा उतार जांभळा करते. तिच्याच काठ्यांनी खालच्या वाड्यांतल्या कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. झाडाच्या शेंड्यावर शेकरूचं घरटं दिसतं. शेकरू स्वतः दिसायला नशीब लागतं, ऐकू मात्र येतो. पावसात हा चढ निसरडा असतो, आणि नवख्यांनी तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. एक गोष्ट इथंच स्पष्ट सांगतो: पळसदरी-ठाकूरवाडी-मंकी हिल असे रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणारे ‘ट्रेक’ पूर्वी बरेच होत. तो गुन्हा तर आहेच, शिवाय बोगद्यात दोन्हीकडून गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते. डोंगरात वाट असताना रुळांवर जायचं कारण नाही.

वर उधेवाडी. घरांच्या मागे दोन बालेकिल्ले उभे: श्रीवर्धन आणि मनरंजन. मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आणि दीपमाळा, खाली बाजूला बांधीव तलाव आणि महादेवाचं मंदिर. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला स्वराज्यात आणला. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव सांगणाऱ्या तोतयाच्या हाती १७७६मध्ये तो काही काळ गेला, आणि १८१८मध्ये इंग्रजांच्या. श्रीवर्धनचा दुहेरी तटाचा बुरूज आवर्जून पाहावा. तोफांचा मारा डोळ्यासमोर ठेवून बांधलेलं काम आहे ते.

पण श्रीवर्धनवर जायचं ते नजरेसाठी. ढाकचा सुळका, माथेरानची सपाट पाठ, प्रबळ, कर्नाळा, नागफणी, मागे लोहगड-विसापूर. खाली उल्हासची दरी, आणि पलीकडच्या डोंगराच्या कुशीत रेल्वेची रेघ. गाडी बोगद्यात शिरते, निघते, पुन्हा शिरते. १९ जुलै २०२३च्या रात्रीनंतर मात्र नजर इर्शाळगडापाशी अडते. त्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला आणि वाडी गेली. सह्याद्रीच्या कुशीतली अशी गावं आपण हौसेनं पाहायला जातो, तिथं राहतात त्यांना दर पावसाळा अंगावर घ्यावा लागतो. तिथं जेवताना, झोपताना एवढं लक्षात असू द्यावं.

उधेवाडीत घराघरांत जेवण मिळतं. तांदळाची भाकरी, पिठलं, भात-आमटी, मिरचीचा ठेचा, मागितली तर गावठी कोंबडी. ओसरीवर अंथरूण. गावातल्या कित्येक घरांना या पाहुण्यांचा आधार आहे, आणि गावातली मुलं रोजगारासाठी शहरात जाण्याचं काही प्रमाणात टळतं ते यामुळेच. वाटसरू आणि गाव यांचा हा व्यवहार मला फार मोलाचा वाटतो. पिशवीत शहरातून सगळं भरून नेणारे, मैदानात तंबू ठोकून रात्रभर स्पीकर लावणारे या व्यवहारात बसत नाहीत. ते फक्त कचरा ठेवून जातात.

मे संपत आला की काजव्यांचा हंगाम येतो. पहिला पाऊस स्थिरावेपर्यंतचे थोडे आठवडे राजमाचीच्या रानात झाडंच्या झाडं लुकलुकतात. नर उडत उजेड दाखवतो, मादी बहुतेकदा खाली झुडपांत, गवतात बसून उत्तर देते. या उत्तरावर पुढची पिढी अवलंबून. तिथं हजारो माणसं एका रात्रीत गाड्यांचे दिवे, मोबाइलचे टॉर्च लावून फिरली, गवत तुडवलं, की हा संवादच तुटतो. अळ्या जमिनीत, पालापाचोळ्यात गोगलगायींवर वाढतात. पायाखाली जातं ते पुढच्या वर्षीचं पीक असतं. पायी येणारी माणसं थोडी असतात आणि दमून लवकर झोपतात. काजव्यांना नडते ती जीप.

दुसऱ्या दिवशीची वाट मोठी, पण सोपी. उधेवाडी ते लोणावळा पंधरा-सोळा किलोमीटर, रानातून, वळवंड, फणसराई बाजूला ठेवत. हा आता कच्चा गाडीरस्ता आहे. पावसात चिखलानं बंद पडतो, एरवी सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींची आणि जीपची रांग. गावाला रस्ता हवा, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. आजारी माणूस, बाळंतीण, शाळेची मुलं यांच्यासाठी रस्ता पाहिजेच आणि तो धड पाहिजे. माझी तक्रार पाहुण्यांच्या गाड्यांची आहे. ज्याला चालता येतं त्यानं चालावं, किंवा गावातल्याच माणसाची जीप करावी, म्हणजे पैसा तरी गावात राहील. शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्या तुंगार्लीतच थांबवता येतील. हे ठरवायला मोठा खर्च लागत नाही.

लोणावळा जवळ येतं तसं पाणी दिशा बदलतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणारा हा माथा. इकडचा थेंब उल्हासेतून अरबी समुद्राला, तिकडचा इंद्रायणीतून आळंदीला. वळवण तलावातलं पाणी पुन्हा याला अपवाद. ते खोपोलीच्या वीजघरासाठी कोकणात सोडलं जातं. तुंगार्लीचं धरण दिसलं की मग बंगले, हॉटेलं, उतार, आणि स्थानक. कर्जतच्या बाजूला जे भिंतींनी केलं तेच इथं बंगल्यांच्या फाटकांनी.

यावर कायदा आहे का? आहे, पण तो शहरातल्या चालणाऱ्यासाठी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १४३मध्ये शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५नुसार वहिवाटीची वाट कुणी अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. प्रत्येक गावच्या नकाशावर गाडीवाटा आणि पायमार्ग तुटक रेघांनी दाखवलेले असतात. म्हणजे या वाटेवर हक्क सांगू शकतो तो तिच्यावर शेत असलेला, तिच्यावरून रोज जाणारा माणूस. आपला हक्क त्याच्या पावलांच्या मागून येतो. त्यात अडचण अशी की वाट दोन जिल्ह्यांत आहे: कोंढाणे रायगडमधल्या कर्जत तालुक्यात, राजमाची पुण्यातल्या मावळात, आणि मधलं रान वनखात्याचं. कर्जतच्या कचेरीत अर्धी वाट, मावळच्या कचेरीत अर्धी. सबंध वाट एका कागदावर मला कुठे दिसलेली नाही.

ती एका कागदावर यावी. दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींनी आपापल्या गावनकाशांतले पायमार्ग शोधून जोडावेत, जिथं कुंपण आडवं आलं तिथं वेळेत अर्ज करावा, दगडांवर चुन्याच्या खुणा कराव्यात, आणि हे काम उधेवाडीतल्या व कोंढाण्याच्या वाडीतल्या तरुणांना मजुरी देऊन करून घ्यावं. गिर्यारोहण संस्थांकडे माणसं आहेत, नकाशे करण्याचं ज्ञान आहे, उत्साह तर आहेच. त्यांनी गडावरच्या साफसफाईइतकंच लक्ष स्थानकाजवळच्या पहिल्या पाच किलोमीटरांकडे द्यावं. तिथंच वाट जाते आहे.

चालायचं तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. कर्जतची सकाळची लोकल, दुपारच्या आत कोंढाणे, उन्हं कलताना उधेवाडी. दुसऱ्या दिवशी तुंगार्लीमार्गे लोणावळा आणि पुण्याची लोकल, किंवा उलट. लेण्यांनंतर चढावर पाण्याचा भरवसा धरू नका, दोन लिटर सोबत ठेवा. आणि उधेवाडीत किती माणसं येणार ते आदल्या दिवशी फोन करून सांगा. चुलीवर भाकऱ्या करायला वेळ लागतो.